एकोणीस नंबरचा पाट

आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये चौसष्ट पाट होते आणि आम्ही मुलं एकाहत्तर. हे दोन आकडे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या दोन आकड्यांच्या फरकातून झालं. पाट सागवानाचे, बसून बसून गुळगुळीत झालेले, आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात काळ्या रंगाने आकडा घातलेला. चार ओळी, एका ओळीत सोळा. चौसष्टच का, असं मी विचारून पाहिलं. हॉलमध्ये तेवढेच मावतात असं आमचे स्वयंपाकी महाराज सांगत. मी एकदा सुतळीने हॉल मोजला होता. पाचवी ओळ आरामात बसली असती. हे मी मुलांच्या बैठकीत मांडलं तेव्हा सगळे हसले. एका सीनियरने मला समजावलं की जागेचा प्रश्नच नाही, पासष्टावा पाट केला तर चौसष्टांना काय अर्थ राहिला? तेव्हा मला ते बोलणं पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही, पण त्याला काय म्हणायचं होतं ते आता कळतं.

मेसच्या व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. सकाळी बरोबर दहाला महाराज त्यावर लोखंडी सळईने टोले देत आणि सगळ्या खोल्यांमधून पितळी ताटांचा आवाज सुरू होई. पाय धुऊन आत जायचं, ताट पाटापुढे मांडायचं. आधी मीठ, मग लिंबाची फोड, मग चटणी, मग वांग्याची भाजी, तुरीच्या डाळीचं वरण, आणि पोळ्या येत राहत. महाराज छिंदवाड्याकडचे. चाळीस वर्षं नागपुरात राहून त्यांची मराठी हिंदीतच उकळून निघालेली होती. हिवाळ्यात वरणावर साय धरावी तशी वाफ धरलेली असे. उन्हाळ्यात आम्ही बनियनवर बसायचो आणि घाम पाटावर पडायचा. पहिली पंगत उठली की फरशी पुसून साडेदहाला दुसरी बसे. दुसऱ्या पंगतीत सात जणांनी बसायचं. ते बहुतेक पहिल्या वर्षाचे असत आणि त्यांना बिननंबरी म्हणत. नागपुरात घर करून आता मला तीस वर्षं होत आली, आधी सदरला भाड्याने आणि आता बेसा रोडला स्वतःचं. घरी टेबलावर जेवतो, गुडघ्यांमुळे तेच बरं. पण वाढण्याचा क्रम चुकला की हात आपोआप थांबतो. बायको विचारते, काय झालं? मीठ आधी, असं मी सांगतो, आणि ती मला वेड्यात काढते.

पाटाचा आकडा हेच मुलाचं नाव होतं. खोलीत, कॉलेजात, बाहेर रस्त्यावर नाव वेगळं, पण मेसमध्ये शिरलं की मी अठरा. महाराजांना आमची खरी नावं माहीत असावीत असं मला वाटत नाही. ‘अठ्ठारा, और वरण?’ असंच ते विचारत. पाट मिळण्याची रीत ठरलेली होती. परीक्षेआधीच्या शेवटच्या फीस्टला शेवटच्या वर्षाचा मुलगा आपल्या पाटावरून उठे, एखाद्या बिननंबऱ्याला हाक मारून तिथे बसवी आणि त्याच्या पुरणपोळीवर स्वतःच्या हाताने तुपाची धार धरी. सगळा हॉल टाळ्या वाजवून आकडा ओरडे, आणि झालं. त्या क्षणापासून तो आकडा त्याचा. कुणी कुणाला पाट दिला याची वंशावळ आम्हाला तोंडपाठ असे. माझ्या अठराचे माझ्याआधीचे पाच जण मी आजही क्रमाने सांगू शकतो. त्यातला एक भंडाऱ्याचा पहिलवान होता आणि एक पुढे तहसीलदार झाला.

माझ्या डाव्या हाताला एकोणीस. तो गजानन, माझ्याच खोलीतला. आम्हाला पाट देणारे दोघंही एकमेकांचे मित्र होते, त्यांनी ठरवून आम्हाला शेजारी बसवलं. मी काटोलचा, मास्तरांचा मुलगा. तो उमरेडचा, विणकरांच्या घरातला. घरात दोन हातमाग होते, एकावर त्याचे वडील आणि एकावर मोठा भाऊ. शांततेत त्याला अभ्यास होत नसे. पुस्तक घेऊन खाटेच्या कडेला बसला की त्याचे पाय एकामागून एक फरशीवर पडत, मागाच्या पावड्या दाबाव्यात तसे. मी चिडून ते मोजायला लागायचो. मिनिटाला साधारण पन्नास. कठीण गणित आलं की वेग कमी व्हायचा, आणि उत्तर सापडलं की पाय थांबायचे. ‘काय बे, सुटलं?’ मी न बघताच विचारायचो, आणि तो नेहमी म्हणायचा, ‘तुले कसं समजते गा?’ मी त्याला कधीच सांगितलं नाही.

आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. गजानन पास झाला असता तर त्याच्या गल्लीतला तो पहिला पदवीधर ठरला असता. शाळेत शिकवायचं त्याच्या मनात होतं, आणि त्याच्या वडिलांच्या मनात त्याच्याहून जास्त. एकदा कापड घेऊन ते इतवारीत आले होते तेव्हा होस्टेलवर डोकावले. मेसच्या दारातून त्यांनी गजाननचा पाट पाहिला, आत मात्र आले नाहीत. चप्पल काढून बाहेरच उभे राहिले आणि मला विचारलं, हा आकडा परीक्षेतला नंबर आहे का? मी म्हटलं, नाही, जेवायचा. ते हसले आणि म्हणाले की मग तर पक्काच आहे. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला होस्टेलचा लाकडी बैल सजवून प्रोफेसरांच्या क्वार्टरांत न्यायचा मान आमच्या खोलीला मिळाला होता. बैलाची झूल गजाननने घरून विणून आणली, हिरवी, लाल काठाची. पोट्ट्यांनी तिच्यावर पहिल्याच घरी गुलाल सांडला. तो ओरडला नाही. पुढच्या रविवारी ती धुताना मात्र कुणाला हात लावू देत नव्हता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तार आली. वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. मी त्याला इतवारी स्टेशनवर सोडायला गेलो. नॅरोगेजची ती छोटी गाडी धावायला लागली तरी बाजूने चालत बोलता यायचं, इतकी संथ. तो दारात उभा होता. आठ दिवसांत येतो म्हणाला, आणि प्रॅक्टिकलच्या वह्या पूर्ण करून ठेवायला सांगितल्या. मी ठेवल्याही.

आता मिठाबद्दल सांगायला हवं. कुणी साध्या सुट्टीवर गेला तर त्याच्या पाटावर दुसऱ्या पंगतीतलं कुणीही बसायचं आणि तो आला की उठायचं. त्याने नंबर जात नसे. पण कुणी घरच्या दुखण्यासाठी किंवा मरणासाठी गेला असेल तर त्याच्या पाटावर कुणी बसायचं नाही. दोन्ही वेळा त्याचं ताट मांडायचं आणि त्यात फक्त चिमूटभर मीठ वाढायचं. जेवणं झाली की ताट सगळ्यांच्या ताटांबरोबर धुवायचं. अन्न वाया जात नाही आणि जागाही सुटत नाही. ही रीत कुणी सुरू केली ते महाराजांनाही माहीत नव्हतं. ‘मीठ आहे’ म्हटलं की त्या पाटाबद्दल पुढे कुणी काही विचारायचं नाही. माझ्या माहितीत सगळ्यात जास्त मीठ तेरा दिवस राहिलं होतं. गजाननच्या ताटात ते पंधराव्या दिवशीही होतं, आणि विसाव्याही. मधे एक कार्ड आलं, त्यात दोन ओळी. बाबा तसेच आहेत. येतो.

त्या महिन्याचा मेस सेक्रेटरी मी होतो. दुसऱ्या पंगतीत विलास नावाचा पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता, वर्ध्याकडचा, सरळ. त्याची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं अकराला असत. मेसपासून प्रयोगशाळा एक हजार तीनशे चाळीस पावलं, आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी तिथलं दार बंद होई. त्याची तीन प्रॅक्टिकलं बुडाली होती. चौथं बुडालं तर टर्म देणार नाही, म्हणजे परीक्षेला बसू देणार नाही, असं सरांनी सांगितलं होतं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘भाऊ, एकोणीस तं रिकामाच आहे ना?’ मी त्याला परत पाठवलं. मग चार दिवस विचार केला. तेवीस दिवस झाले होते, म्हणजे सेहेचाळीस जेवणं. इकडे रिकामा पाट, तिकडे एका मुलाची टर्म. गजानन आला की विलास उठेल, यात कुणाचं काय जातं? महाराजांना मी हे सगळं समजावून सांगितलं. ते कणीक मळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. एवढंच म्हणाले, ‘नमक रखा है तो रहने दो, भैया.’ मला वाटलं, म्हातारा माणूस, याला हिशेब कळत नाही.

विलासला मी रविवारपासून बसायला सांगितलं. तो रविवार त्या महिन्याच्या फीस्टचा आहे हे मला माहीत होतं, किंबहुना पुरणाची डाळ मीच मोजून काढून दिली होती. तरी दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होईल ते माझ्या डोक्यात आलं नाही. विलास येऊन एकोणीसवर बसला. पुरणपोळ्या आल्या. तुपाची वाटी हातोहात सरकत माझ्याकडे आली. मी माझ्या पोळीवर तूप घेतलं आणि शेजाऱ्याला वाढावं तसं सहज विलासच्या पोळीवरही वाढलं. पलीकडच्या ओळीतून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि हॉलभर ओरडा झाला, ‘एकोणीस!’ मुलांना वाटलं गजानन आता येत नाही, त्याच्या वतीने मी, त्याचा खोलीमित्र, पाट देतोय. विलासचे कान लाल झाले. तेव्हा मी एक वाक्य बोलायला हवं होतं, की हे तात्पुरतं आहे. ते वाक्य माझ्याकडे चार दिवसांपासून तयार होतं. पण टाळ्या चालू होत्या, पोरगा खूश होता, आणि खरं सांगायचं तर चौसष्टही पाट भरलेले पाहून मलाही बरं वाटत होतं. मी हसलो आणि जेवायला लागलो.

गजानन गुरुवारी आला. रूळ वाजून गेला होता, पंगत बसली होती. तो सरळ स्टेशनवरून मेसमध्येच आला असावा, कारण पिशवी त्याने व्हरांड्यातच ठेवली होती. हातपाय धुऊन तो दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला होता, पण पोरांना पाहून हसला. मी उठायच्या आत महाराज वरणाचं भांडं घेऊन आमच्या ओळीत आले आणि सवयीने म्हणाले, ‘उन्नीस, वरण?’

दोन माना वर झाल्या. एक माझ्या डाव्या हाताला आणि एक दारात.

विलासला काही माहीत नव्हतं. त्याने गजाननला कधी नीट पाहिलेलंही नव्हतं, तो हो म्हणाला. महाराजांचा डाव हवेत थांबला. गजाननने ताट पाहिलं, मग मला पाहिलं, मग आत येऊन विलासच्या खांद्यावर हात ठेवला. ‘बस गा, बस. जेवताना उठू नये,’ असं म्हणून तो बाहेर गेला आणि साडेदहाला सहा बिननंबऱ्यांबरोबर दुसऱ्या पंगतीत बसला. महाराजांनी त्याला न विचारता दोनदा भाजी वाढली. मी त्या दिवशी कॉलेजला गेलो नाही.

खोलीत मी त्याला सगळं सांगितलं. तेवीस दिवस, सेहेचाळीस जेवणं, तीन प्रॅक्टिकलं, पाच मिनिटं, तूप, टाळ्या. आकड्यांत माझी चूक नव्हती आणि ते सांगताना मला ते कळत होतं. तो खाटेच्या कडेला बसून ऐकत होता. पाय हलत नव्हते. मी थांबलो तेव्हा तो म्हणाला, ‘तुझा हिशेब बरोबर आहे. मीही तेच केलं ना.’

मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. वडील खाटेला लागल्यापासून त्यांचा माग बंद होता. आई त्यावर कुणाला बसू देत नव्हती, रोज झाडून, पुसून ठेवायची. लुगडं अर्धं विणलेलं मागावर तसंच होतं. एकटा भाऊ किती करणार. अठराव्या दिवशी आई पाण्याला गेल्यावर गजानन त्या मागावर जाऊन बसला. ‘बाबा खाटेवरून पाहून राहिले होते,’ तो म्हणाला. ‘मले वाटलं त्यांना बरं वाटन. धोटा फेकला, आन् त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मले काय माहीत गा, ते मनात रोज उठून तिथं बसत होते म्हणून.’

मग मी म्हटलं, अठरा घे. मी दुसऱ्या पंगतीत बसतो, नाहीतर विलासला आत्ताच सांगतो. त्याने मान हलवली. विलासला उठवायचं नाही असं त्याने मला बजावलं, त्याची टर्म जाईल. अठराबद्दल तो म्हणाला, ‘महाराज मले अठरा म्हणतीन आन् मी वर पाहणार नाही. काहून त्यांना त्रास?’ मग जरा हसून म्हणाला, ‘तिकडून निघताना माय म्हणे, जाय, परीक्षा देऊन ये. मी म्हटलं, पाहून येतो.’

तो तीन दिवस राहिला. बुडालेल्या तासांच्या वह्या उतरवल्या, वर्गांना गेला, दुसऱ्या पंगतीत जेवला, बिननंबऱ्यांना हसवलं. रविवारी वडिलांना पाहून येतो म्हणून गेला. पुढच्या आठवड्यात कार्ड आलं की ट्रंक गाडीने पाठवून दे, पुस्तकं विलासच्या कामाची असतील तर त्याला ठेव.

गजानन पदवीधर झाला नाही. त्याचं पुढे वाईट झालं असंही नाही. माग बंद पडल्यावर तो नागपुरात आला, नंदनवनात त्याचं घर आहे, कपड्याचं दुकान मुलगा पाहतो. आमची लग्नाकार्यांत भेट होते. तो माझ्या नातवंडांची चौकशी करतो, मी त्याच्या गुडघ्यांची. मेसचा विषय निघतो तेव्हा आम्ही महाराजांबद्दल बोलतो, लाकडी बैलाबद्दल बोलतो, पहिलवानाबद्दल बोलतो. त्या गुरुवारापाशी दोघंही थांबतो. त्याच्या न येण्याला पाट किती कारण आणि वडिलांचं दुखणं किती, हे मी अनेक वर्षं मांडून पाहिलं. बाकी सगळ्या गोष्टींचं प्रमाण मला काढता येतं. याचं आलं नाही. विचारावं तर तो म्हणेल पाटाचं काही नव्हतं गा, आणि ते खरं की मला बरं वाटावं म्हणून, हे मला त्यानंतरही कळणार नाही. होस्टेलची ती इमारत पाडून वीस वर्षं होऊन गेली. एकाहत्तरांपैकी अकरा जणांचे पत्ते माझ्याकडे आहेत. कधीकधी सकाळी दहाला मला भूक लागते, घरी कुणीच जेवायच्या बेतात नसतं, आणि त्या भुकेचं काय करायचं ते समजत नाही.

ट्रंक मी गाडीने पाठवली नाही. स्वतः घेऊन गेलो. परीक्षेला पाच आठवडे होते आणि वाटेत मी त्याला समजावण्याचे सगळे मुद्दे क्रमाने लावले होते. उमरेडला उतरून त्याची गल्ली विचारावी लागली नाही. मागांचा आवाज ऐकत गेलो, खट-खटाक, एका घरातून दुसऱ्या घरात, जणू एकच आवाज हातोहात पुढे जातोय. त्याच्या घरात पुढच्या खोलीत खाट होती, वडील तिच्यावर. त्यांनी मला ओळखलं. डावा हात वर केला. गजानन आतल्या खोलीत वडिलांच्या मागावर बसलेला होता. मला पाहून उठला, ट्रंक उचलून कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाला, ‘जेवून घे आधी.’ बोलायची वेळ त्याने येऊच दिली नाही. परत मागावर जाऊन बसला, लुगड्याचा काठ आज उतरवायचाच होता म्हणे.

त्याच्या आईने पाटवडीचा रस्सा केला होता, लाल, वर तर्री आलेला, सोबत ज्वारीच्या भाकरी. दोन घासांत माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि ती हसली. काटोलकडचे फिके खाणारे लोक, म्हणाली. मग पदराने हात पुसत समोर बसली, खाटेकडे पाहिलं आणि आवाज जरा लहान केला.

‘बाप्पू, तिकडं कॉलेजात याची जागा हाय ना अजून? यंदा नाई तं पुढच्या साली जाईन तो. जागा हाय ना?’

आतला माग थांबला.

मला खोटं बोलता येत नाही. आकड्यांत तर नाहीच. तिने मला एवढंच विचारलं होतं, आणि मला त्याचं उत्तर माहीत होतं, बसणाऱ्याच्या नावासकट. खाटेवरच्या माणसाने मान माझ्याकडे वळवलेली होती.

‘आहे ना, माय,’ मी म्हणालो. ‘कुणी बसत नाही तिथं.’

ती समाधानाने मान हलवत राहिली. माग मात्र सुरू होत नव्हता. बऱ्याच वेळाने आतून गजाननचा आवाज आला, नेहमीसारखा.

‘माय, त्याले भाकर वाढ. तो मागून घेत नाही.’